उंदराची गादी कशी निवडाल?

दोस्तांनो, कॅरम तर तुम्ही खेळत असालच. चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या आवारात, नाहीतर गणपती मंडळाच्या खोलीत वर दिवा टांगलेला असतो आणि खाली चौघं डोकी घालून बसलेले असतात. डाव सुरू होण्याआधी एक जण काय करतो, आठवतंय? फळीवर चिमूटभर बोरिक पावडर टाकतो आणि हाताने पसरवतो. पावडर कमी पडली तर स्ट्रायकर मध्येच अडखळतो. जास्त झाली तर तोच स्ट्रायकर सोंगटी घालवून स्वतःही भोकात जाऊन बसतो! खेळणारा तोच, हात तोच, स्ट्रायकर तोच. बदललं काय? फक्त खालची जमीन.

कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांचंही तसंच आहे, बरं का! माउस म्हणजे आपला स्ट्रायकर आणि माउसपॅड म्हणजे कॅरमची फळी. पण गंमत पाहा, माउस घेताना आपण दहा जणांना विचारतो आणि पॅड घेताना मात्र त्यावरचं चित्र बघतो. ड्रॅगन छान आहे, घेऊन टाक! बाजारात माउसपॅड शंभर-दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात. दिवाळी-भाऊबीजेचे जमवलेले पैसे एकदा खर्च झाले की झाले. म्हणून पैसे काढण्याआधी थोडं मोजूया, थोडं करून पाहूया. या लेखासाठी लागणार आहे फक्त एक पट्टी, एक परीक्षेचं पॅड आणि थोडंसं गणित. घाबरू नका, सोपं आहे!

लाकडी उंदीर आणि रबरी गोळी

आधी थोडी जुनी गोष्ट. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या अभियंत्याने १९६४ साली पहिला माउस बनवला. तो होता चक्क लाकडाचा! लाकडी ठोकळ्याखाली दोन चाकं बसवलेली, एक आडवी चाल मोजायला आणि एक उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगलबार्ट यांनी हा माउस लोकांपुढे चालवून दाखवला. त्या दिवशी ते ज्या खास टेबलाशी बसले होते, ते जॅक केली नावाच्या फर्निचर बनवणाऱ्या डिझायनरने तयार केलं होतं. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, याच केलींनी पहिला माउसपॅड तयार केला. म्हणजे उंदीर आल्यावर पाच वर्षांनी त्याची गादी आली!

पुढे चाकं गेली आणि माउसच्या पोटात रबरी गोळी आली. तुमच्या आई-बाबांना विचारा. महाराष्ट्रात २००१ मध्ये एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या कितीतरी मोठ्या माणसांनी असाच गोळीवाला माउस हातात धरला होता. गोळी गुळगुळीत टेबलावर घसरायची, नीट फिरायची नाही. तिला पकड मिळावी म्हणून खाली पॅड लागायचा. शिवाय गोळीबरोबर धूळ आत जायची, मग गोळी काढून आतला मळ नखाने खरवडायचा, हा सगळ्यांचा ठरलेला उद्योग!

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक नवा माउस आणला. त्यात गोळी नव्हती, खाली लाल दिवा होता, आणि तो जवळजवळ कुठल्याही पृष्ठभागावर चालायचा. लोकांना वाटलं, चला, आता पॅडची गरज संपली. ऑफिसच्या कामापुरतं ते खरंही होतं. खेळणाऱ्यांना मात्र पॅड लागतच राहिला. का? ते आता पाहू.

माउसला काय दिसतं?

आजच्या माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. दिव्याच्या उजेडात तो खालच्या जमिनीचे फोटो काढतो. किती? १९९९ च्या त्या माउसचा कॅमेरा सेकंदाला १,५०० फोटो काढायचा. आजचे खेळाचे माउस त्याच्या कितीतरी पट जास्त काढतात. आधीच्या फोटोतला एखादा ठिपका पुढच्या फोटोत किती सरकला, हे पाहून आतली चिप ठरवते की हात कुठे आणि किती गेला.

आता तुम्हीच सांगा, खाली ठिपकेच नसतील तर? आरसा किंवा स्वच्छ काच असेल तर कॅमेऱ्याला काही खूणच सापडत नाही आणि बाण जागेवर थरथरतो. चकचकीत सनमायकावरही कधी कधी असं होतं. याउलट, कापडाची वीण सगळीकडे सारखी असते. प्रत्येक धागा म्हणजे कॅमेऱ्यासाठी एक खूण. म्हणून पहिला नियम लिहून घ्या: पॅडचा पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा हवा, आणि चकचकीत नको. वरती जाड रंगाचं चित्र चिकटवलेलं असेल तर त्यावरून बोट फिरवून पाहा. चित्राची कड बोटाला लागली तर ती माउसलाही लागणार!

किती मोठा घ्यायचा? गणित करूया

पॅडचे चार आकार दुकानांत सर्रास दिसतात. लहान २५ × २१ सेंटिमीटर, मधला ३२ × २७, मोठा ४५ × ४०, आणि सगळ्या टेबलावर पसरणारा ९० × ४०. यातला तुमचा कुठला? हे तुमचा खेळ ठरवतो.

काउंटर-स्ट्राइकचं उदाहरण घेऊ. माउसच्या डब्यावर ८०० डीपीआय असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, माउस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला ८०० टिचक्या मारतो. खेळातली सेन्सिटिव्हिटी १ ठेवली असेल तर एका टिचकीला तुमचा खेळाडू ०.०२२ अंश वळतो. मग पूर्ण गिरकी घ्यायला, म्हणजे ३६० अंशांसाठी, किती टिचक्या लागतील? ३६० भागिले ०.०२२, म्हणजे सुमारे १६,३६४. त्याला ८०० ने भागा. आले साधारण २०.५ इंच, म्हणजेच ५२ सेंटिमीटर!

आता समजा पॅड लहान आहे, २५ सेंटिमीटर रुंदीचा. माउस मधोमध ठेवला तर एका बाजूला साडेबारा सेंटिमीटर. त्यातून माउसची अर्धी रुंदी, म्हणजे ३ सेंटिमीटर, वजा करा. उरले साडेनऊ. तेवढ्यात तुम्ही फक्त ६५ अंशांच्या आसपास वळाल. पाठीमागून कोणी आलं तर? माउस उचला, परत मध्ये ठेवा, पुन्हा सरकवा... तोपर्यंत खेळ खलास! तेच ४५ सेंटिमीटरच्या पॅडवर एका दमात १३५ अंश वळता येतं.

सेन्सिटिव्हिटी २ असेल तर सगळी अंतरं निम्मी होतात. मग लहान पॅडही पुरतो. पण तेव्हा हात जरासा हलला तरी नेम दुप्पट हलतो. कॅरममध्ये पावडर जास्त झाल्यासारखंच नाही का?

तर दुसरा नियम असा: तुमच्या नेहमीच्या खेळात, तुमच्या नेहमीच्या सेटिंगवर, बरोबर मागे वळायला (१८० अंश) माउस किती सरकवावा लागतो ते पट्टीने मोजा. त्यात माउसची रुंदी मिळवा. पॅडची रुंदी निदान तेवढी हवी. वरच्या उदाहरणात २६ अधिक ६, म्हणजे ३२ सेंटिमीटर. म्हणजे मधला पॅड चालेल, मोठा असेल तर आणखी आराम. आणि बुद्धिबळ, पत्त्यांचे खेळ किंवा शहरं वसवण्याचे खेळ खेळत असाल, तर २५ सेंटिमीटरचा लहान पॅडसुद्धा भरपूर झाला. तिथे पैसे वाचवा!

पण टेबल केवढं आहे?

आपली मुंबईची घरं आपल्याला माहीत आहेत. वन रूम किचनमध्ये एकच टेबल असतं. त्यावर ताईचा अभ्यास, बाबांचं काम आणि तुमचा खेळ, सगळं पाळीपाळीने चालतं. म्हणून दुकानात जाण्याआधी टेबल मोजा. टेबल ६० सेंटिमीटर रुंद असेल आणि त्यावर पूर्ण आकाराचा, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरचा कीबोर्ड असेल, तर उरतात फक्त १५ सेंटिमीटर. तिथे कुठलाच पॅड मावणार नाही.

मग काय करायचं? दोन युक्त्या आहेत. एक, कीबोर्ड थोडा तिरका करून डावीकडे सरकवा. खेळताना बहुतेक वेळा डाव्या बाजूच्याच कळा लागतात. कीबोर्डाचं उजवं टोक टेबलाबाहेर न जाता वरच्या दिशेला गेलं की खाली जागा होते. दुसरी, ४५ सेंटिमीटरचा पातळ पॅड घ्या आणि त्याची एक बाजू कीबोर्डाखाली जाऊ द्या. खेळ संपला की गुंडाळी करून ठेवायची. घडी मात्र घालू नका. घडीची रेघ पडली की माउस दर वेळी तिथे ठेचकाळणार!

खाली बसून लॅपटॉपवर खेळणाऱ्यांसाठी आणखी एक. लादीवर पॅड टाकला की लाद्यांमधली फट खालून जाणवते. अशा वेळी पॅडखाली पाट किंवा परीक्षेचं पॅड ठेवा. जमीन सपाट झाली की पातळ पॅडही नीट चालतो. टेबल खडबडीत असेल तर मात्र ३-४ मिलिमीटर जाडीचा घेतलेला बरा.

पळणारा की थांबणारा?

आता मुख्य गोष्ट. पॅड कापडी असतात, कडक प्लॅस्टिकचे असतात आणि काचेचेही असतात. काचेचा म्हणजे साधी काच नव्हे. तिच्यावर अगदी बारीक खरबरीतपणा आणलेला असतो, म्हणून माउसला ती दिसते. कडक पॅडवर माउस सुळकन पळतो. कापडावर तो थोडा जड चालतो, पण थांबवायचा तिथे थांबतो.

विज्ञानाच्या पुस्तकात घर्षण शिकलात ना? थांबलेली वस्तू हलवायला जे घर्षण अडवतं ते स्थितिक, आणि हलत्या वस्तूला जे अडवतं ते गतिक. स्थितिक घर्षण सहसा जास्त असतं. म्हणून माउस सुरुवातीला थोडा अडतो आणि मग एकदम निसटतो. नेम अगदी केसभर हलवायचा असतो तेव्हा हाच धक्का घात करतो. चांगल्या पॅडवर हा धक्का कमीत कमी जाणवतो. माउसच्या पोटाखालचे पांढरे किंवा काळे पाय पाहिलेत? ते बहुतेक वेळा टेफ्लॉनचे असतात. हो, आईच्या नॉनस्टिक तव्यावरचंच टेफ्लॉन! ते झिजले असतील तर कितीही भारी पॅड आणा, माउस रखडणारच. कडक प्लॅस्टिकवर आणि काचेवर हे पाय लवकर झिजतात, हेही ध्यानात ठेवा.

करून पाहा!

परीक्षेचं पॅड घ्या. त्यावर जुन्या जीन्सचं कापड ताणून बसवा आणि थोडा वेळ खेळा. मग कापड काढून तिथे न चमकणारी प्लॅस्टिकची फाइल ठेवा आणि परत खेळा. कशावर नेम चांगला बसतो? जीन्सवर बसत असेल तर तुम्ही कापडी पॅडचे गिऱ्हाईक. फाइलवर बसत असेल तर कडक पॅडचे. एक पैसाही न घालवता निम्मा निर्णय झाला!

आणखी एक प्रयोग. परीक्षेच्या पॅडवर माउस ठेवा. वायर असेल तर ती मित्राने सैल धरावी. आता पॅडची एक बाजू हळूहळू उचला. माउस घसरायला लागला की थांबा आणि उचललेल्या कडेची टेबलापासूनची उंची मोजा. त्या कडेच्या बरोबर खालच्या जागेपासून टेकलेल्या कडेपर्यंतचं आडवं अंतरही मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागा. समजा उंची ६ सेंटिमीटर आणि अंतर २९.४, तर उत्तर साधारण ०.२. हा त्या पृष्ठभागाच्या स्थितिक घर्षणाचा आकडा. जीन्स, फाइल, वहीचं कव्हर, मित्राचा पॅड, सगळ्यांचे आकडे काढून वहीत तक्ता करा. आकडा जितका लहान, तितका माउस सहज सुटतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनालाही हा प्रयोग शोभेल, काय?

पावसाळा आणि घामट हात

जूनमध्ये कॅरमची फळी कशी मंद होते! पावडर टाकून टाकून हात पांढरे होतात, तरी स्ट्रायकर रांगतच जातो. मुंबईच्या दमट हवेत कापडी पॅडचंही तेच होतं. कापड हवेतला ओलावा आणि हाताचा घाम धरून ठेवतं. एप्रिलमध्ये मस्त चालणारा पॅड जुलैत चिकट वाटतो. त्यात वेफर्स खाल्लेल्या हाताचं तेल लागलं की बघायलाच नको. (आणि हो, पॅडवर बोरिक पावडर टाकायचा विचारसुद्धा करू नका! ती माउसच्या डोळ्यात जाईल.)

यावर उपाय सोपा आहे. खेळण्याआधी हात धुऊन कोरडे करा. महिन्या-दोन महिन्यांनी पॅड कोमट पाण्यात, थोड्या सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुवा. साबण पूर्ण निघू द्या. मग टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा, पिळू नका. सावलीत, पंख्याखाली, आडवा वाळवा. पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी लागू द्या. वॉशिंग मशीन, गरम पाणी आणि इस्त्री बिलकूल नको, खालचं रबर सुटून येईल. दिव्यांचा पॅड पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. घरात फार ओल येत असेल तर कडक पॅडचा विचार करायला हरकत नाही. तो फडक्याने पुसला की झालं.

दुकानात गेल्यावर

कॉम्प्युटरच्या वस्तूंसाठी मुंबईत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. बोरिवली-अंधेरीच्या मुलांना सरळ चर्चगेटची लोकल, मुलुंड-घाटकोपरच्या मुलांनी दादरला गाडी बदलायची. घरातलं मोठं माणूस बरोबर न्या. जवळच्या दुकानात घेणार असाल तरी पुढच्या गोष्टी सोडू नका:

१. पॅड उघडून टेबलावर पसरायला सांगा. खालचं रबर टेबलाला धरतं का? वरून तळहाताने ढकलून पाहा. पॅडच सरकत असेल तर नमस्कार करून परत द्या.

२. कडा पाहा. कडेला शिवण असेल तर धागे लवकर सुटत नाहीत. पण शिवण पॅडपेक्षा उंच असेल तर ती मनगटाला टोचते.

३. तळहात आडवा फिरवा, मग उभा फिरवा. दोन्हीकडे सारखंच लागतं का? काही कापडांत एका दिशेला माउस हलका आणि दुसऱ्या दिशेला जड जातो.

४. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि महिना-वर्ष छापलेलं आहे का? वेष्टित वस्तूंवर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नावाजलेल्या कंपनीचा पॅड असूनही यातलं काहीच नसेल, तर तो नकली असण्याचा संभव मोठा. बिल जरूर घ्या.

५. रंगीबेरंगी दिवे दिसायला छान, पण माउस त्यांनी काडीइतकाही चांगला चालत नाही. ते पैसे मापासाठी आणि कापडासाठी खर्च करा.

मनगट एकच मिळतं

पॅड लहान असला की आपण कोपर टेकवून फक्त मनगट फिरवतो, आणि तेही तासन् तास. मोठ्या पॅडवर कोपरापासून हात हलतो आणि मनगटावरचा भार वाटला जातो. टेबलाची धारदार कड मनगटात रुतत असेल तर पॅड कडेपर्यंत ओढून घ्या. मनगटाखाली जेलची उशी असलेले पॅड मिळतात, पण त्या उशीवर मनगट दाबून माउस फिरवणं बरं नव्हे. मध्ये हात थांबला की टेकवायला ती ठीक. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, मुठी उघडा-मिटा. हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखत असेल तर लपवू नका, घरी सांगा. पॅड नवा आणता येतो, मनगट नाही.

पॅड जिंकून देतो का?

आता खरं सांगू? देत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कॉम्प्युटरचे खेळ प्रात्यक्षिक म्हणून ठेवले होते. त्यात आपल्या देशासाठी कांस्यपदक मिळवलं ते गुजरातमधल्या भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने. कुठल्या खेळात? हार्थस्टोन नावाच्या पत्त्यांच्या खेळात! तिथे ना सुळकन वळायचं असतं, ना नेम धरायचा असतो. लागतो तो विचार. पुढे हांगझोऊच्या स्पर्धेत, जी २०२३ मध्ये झाली, या खेळांना पूर्ण पदकांचा मान मिळाला.

मग एवढं मोजमाप कशासाठी? तर पॅड वाईट असला की तुमची चूक आणि पॅडची चूक वेगळी काढता येत नाही. नेम हुकला तो हातामुळे की अडकलेल्या माउसमुळे, हेच कळत नाही, आणि मग माणूस सुधारणार कसा? बेताचा, एकसारखा, आपल्या हाताला बसणारा पॅड असला की प्रत्येक चूक आपली असते. आणि आपली असली की ती सुधारता येते. कॅरमची फळी चांगली पुसलेली असेल तर ‘पावडरच नव्हती रे!’ असं म्हणायची सोय राहत नाही ना, तसंच!

चला तर मग, पट्टी काढा, टेबल मोजा आणि ताईची जुनी जीन्स मागून घ्या. पण कापण्याआधी विचारा बरं का, नाहीतर खेळ सुरू होण्याआधीच तुम्ही आउट!